कथा लिहिणाऱ्याची बैठक

कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या अनेकांची पहिली अडचण लेखनाची नसतेच. "आपल्यात प्रतिभा आहे की नाही" या प्रश्नापाशीच ते वर्षानुवर्षे अडून राहतात. या प्रश्नाचे उत्तर जाणत्या संपादकालाही आगाऊ देता येत नाही, आणि समजा कोणी दिलेच, तरी उद्या सकाळी कोऱ्या कागदापुढे बसल्यावर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. प्रतिभा आपल्या हातात नाही. माणसांकडे पाहण्याची रीत, कान उघडे ठेवण्याची सवय, ठरल्या वेळी बसण्याचा नेम आणि लिहिलेले पुन्हा लिहिण्याची तयारी या गोष्टी मात्र हातातल्या आहेत, आणि कथाकाराची घडण मुख्यतः त्यांतूनच होते. त्यांतली पहिली सर्वांत अवघड आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करणे बरे.

निवाडा लांबणीवर टाकणे

रोजच्या व्यवहारात आपण माणसांचा निकाल फार लवकर लावतो. अमुक काका चिक्कू, तमुक वहिनी आतल्या गाठीच्या, कचेरीतले साहेब वरिष्ठांपुढे लोटांगण घालणारे. असे शिक्के मारल्याशिवाय संसार आणि नोकरी निभावणे कठीणच आहे. कथा लिहिणाऱ्याला मात्र तो शिक्का मारता मारता थांबता आले पाहिजे. चिक्कू काकांचा हात नेमक्या कोणत्या एका गोष्टीवर सैल सुटतो, आतल्या गाठीच्या वहिनींनी पूर्वी कोणाजवळ मन मोकळे केले होते आणि पुढे त्याचे काय झाले, असे प्रश्न पडू लागले की पात्र दिसायला लागते. शिक्का एकदा मारला की त्या माणसाविषयी शोधण्यासारखे काही उरत नाही. उरतात ते फक्त पुरावे, आणि लेखक पुरावे मांडत चालला आहे हे वाचकाच्या दुसऱ्या पानावरच ध्यानात येते.

मराठी कादंबरीने हे फार लवकर करून दाखवले. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः छापली. ती सांगते यमुना, ब्राह्मण घरातली एक मुलगी, आणि सांगते स्वतःच्याच तोंडाने: माहेर, लग्न, सासर आणि पुढे वैधव्य. लिहिणारा पुण्यातला सुशिक्षित पुरुष होता. स्त्रियांच्या स्थितीवर त्याला निबंध लिहिता आला असता. त्याऐवजी त्या मुलीला जेवढे दिसते, जेवढे कळते आणि जेवढे बोलण्याची मुभा आहे, तेवढ्यातच स्वतःला आवरून धरणे त्याने पत्करले. कथात्म लेखनाची वृत्ती म्हणतात ती हीच.

ती अंगी बाणवण्याचा एक साधा सराव आहे. ज्या माणसाचा आपल्याला खरोखर राग आहे, असा एक माणूस निवडावा आणि रागाचे कारण ठरलेल्या प्रसंगाबद्दल त्याच्या तोंडून, प्रथमपुरुषी, एक पान लिहावे. अटी दोनच आहेत. त्याने त्या पानात माफी मागता कामा नये आणि तो हास्यास्पदही वाटता कामा नये. त्याची बाजू त्याला जितकी रास्त वाटते तितकीच ती कागदावर रास्त वाटली पाहिजे. पहिल्या काही वेळा हे पान उपरोधिक होते, कारण राग लपत नाही; पण महिनाभर आठवड्याला एक पान लिहिले की आपला खलनायक हळूहळू घरातल्या माणसासारखा बोलू लागतो. हे पान अर्थातच कोणाला दाखवायचे नसते, विशेषतः त्या माणसाला तर नाहीच.

दुसऱ्याच्या कातडीत शिरण्याला मर्यादाही आहे, आणि महाराष्ट्रात लिहिणाऱ्याने ती विसरू नये. १९६३ मध्ये दलित लेखक बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, तेव्हा मध्यमवर्गीय मराठी कथेने गाव आणि शहर यांचा केवढा भाग पाहिलेलाच नव्हता हे उघडे पडले. सहानुभूती हे माहितीच्या जागी वापरण्याचे भांडवल नव्हे. ज्या वस्तीत, ज्या जातीत किंवा ज्या कामाधंद्यात आपण वावरलो नाही, तिथले पात्र लिहिण्याआधी त्या माणसांनी स्वतः काय लिहिले आहे ते वाचावे, त्यांच्याशी बोलावे, आणि एवढे करूनही पात्र केवळ सोशिक आणि भले निघत असेल तर ते अजून आपल्याला दिसलेले नाही असे समजावे.

कान आणि वही

वही बाळगावी हा सल्ला सगळेच देतात. तिच्यात काय लिहायचे हे मात्र कोणी सांगत नाही, आणि मग तिच्यात "वृद्धांचे एकटेपण – कथेला चांगला विषय" अशा नोंदी साचत जातात. अशा नोंदीतून कथा निघत नाही, भाषण निघते. विषय टिपू नये, वाक्य टिपावे. एसटीत पुढच्या बाकावरची बाई फोनवर म्हणते, "मी काहीच बोलले नाही, फक्त ताट वाढलं आणि आत गेले." या एका वाक्यात भांडण आहे, कोणीतरी उशिरा घरी आलेला आहे, आणि त्या घरात रागाचे नियम काय आहेत तेही आहे. वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे, खाली ते कोण कोणाला म्हणाले एवढेच लिहावे आणि अर्थ लावण्याचा मोह आवरावा. वही नसेल तेव्हा मोबाइलवर टंकून ठेवले तरी चालते. फक्त ते त्याच दिवशी टिपले पाहिजे, कारण रात्री आठवते तेव्हा आपण ते नकळत सुधारून आठवतो.

बोलीच्या बाबतीत ही शिस्त अधिकच लागते. उद्धव शेळके यांच्या १९६० च्या 'धग' या कादंबरीतली माणसे वऱ्हाडीत बोलतात आणि तिथे बोली चवीपुरती आलेली नाही. त्या माणसांचे कष्ट आणि त्यांचा विचार त्या बोलण्यातूनच चालतो. याउलट, प्रमाण मराठीतले वाक्य घेऊन त्यात "व्हय", "न्हाई" आणि "रं" पेरले म्हणजे ग्रामीण पात्र तयार झाले, ही समजूत दूरचित्रवाणी मालिकांनी पक्की करून ठेवली आहे. बोली शब्दांपेक्षा वाक्याच्या ठेवणीत असते. काय आधी सांगितले जाते, काय गृहीत धरले जाते, नकार कसा दिला जातो, वडीलधाऱ्यांशी बोलताना कर्ता कसा गाळला जातो, हे ऐकावे लागते. जी बोली कानावरून गेलेली नाही ती लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पात्राला प्रमाण मराठीत कमी बोलायला लावणे हे खोट्या बोलीत भरपूर बोलायला लावण्यापेक्षा केव्हाही बरे. बंगळूरला किंवा परदेशात राहून मराठीत लिहिणाऱ्यांनी तर घरच्यांशी होणारे फोन आणि सुट्टीतले लग्नसमारंभ हे कानाचे खाद्य समजून जपावेत.

शब्दांचा संग्रह हाही कानाचाच भाग आहे. सुताराच्या, शिंप्याच्या, पोस्टातल्या कारकुनाच्या कामातल्या वस्तूंना नावे असतात, आणि ती त्यांना विचारली तर ते आनंदाने सांगतात. कोशही चाळावेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा आहे आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. तो आणि दाते-कर्वे यांचा अनेक खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही आज घरबसल्या संगणकावर पाहता येतात. कोशात सापडलेला जुना शब्द लगेच कथेत घालण्याची घाई मात्र करू नये. आपल्या पात्राच्या आजीने तो उच्चारला असता का, एवढे विचारून पाहावे.

बसण्याचा नेम

मराठीत केवळ कथा-कादंबऱ्यांवर घर चालवता आलेले लेखक नेहमीच थोडे होते. आपटे पुण्यातल्या आनंदाश्रम या संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या संस्थेचे व्यवस्थापन पाहत होते. श्री. ना. पेंडसे मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरीला होते आणि 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबरीतले कोकण त्यांनी ती नोकरी सांभाळून उभे केले. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर होते, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत. तेव्हा "वेळ मिळाला की लिहीन" हे वाक्य आपल्या भाषेच्या परंपरेतच बसत नाही. वेळ कोणालाच मिळालेला नाही.

हिशेब करून पाहिला तर काम वाटते तेवढे अवाढव्यही नाही. आठवड्यातून पाच दिवस, दर दिवशी ३०० शब्द लिहिले तर आठवड्याचे १५०० होतात. म्हणजे ३००० शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा दोन आठवड्यांत आणि ६०,००० शब्दांच्या कादंबरीचा ४० आठवड्यांत हातात येतो. हाताने लिहिल्यास ३०० शब्द म्हणजे वहीचे साधारण दीड-दोन पाने. ही वेळ पहाटेची असावी की रात्रीची, हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न आहे; ती रोज तीच असावी, जागाही शक्यतो तीच असावी आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा, एवढ्यावर मात्र तडजोड नको. ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवशीही ठरलेला वेळ बसून काढावा, फक्त त्या वेळात दुसरे काही करू नये. कंटाळा हा अशा वेळी चांगला मदतनीस ठरतो, कारण खुर्चीतून उठता येत नसेल तर पात्राशी बोलण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही.

रोजचे लिखाण प्रसंग संपल्यावर थांबवण्यापेक्षा प्रसंगाच्या मध्यावर, पुढचे वाक्य ठाऊक असताना थांबवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर हात चालू लागतो. आणि पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत मागचे पान दुरुस्त करू नये. पहिल्या पानाला बारा वेळा रंगसफेदी करणाऱ्यांची शेवटची पाने बहुधा लिहून होतच नाहीत.

घरातल्या स्त्रीच्या बाबतीत हा सगळा हिशेब कोलमडतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नवरा लिहायला बसला की घर हळू बोलते. बायको लिहायला बसली की "दोन मिनिटं जरा" म्हणून हाक येते. त्यामुळे तिने ही वेळ उरलीसुरली म्हणून न घेता, घरात जाहीर करून, दार लोटून घ्यावी. जेवण झाल्यावरची ओट्याची आवराआवर इतरांनी केली तर अर्धा-पाऊण तास नक्की निघतो, आणि ३०० शब्दांना तो पुरतो.

वाचनाबद्दल फार सांगायला नको, कारण न वाचता लिहिणारा या मजकुरापर्यंत पोहोचणारच नाही. एवढेच करावे की आवडलेली कथा दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचावी आणि काळ कुठे उडी मारतो, एखादी महत्त्वाची गोष्ट लेखकाने कोणत्या वाक्यापर्यंत लपवून ठेवली आहे आणि प्रसंग कोणत्या उद्गारावर तोडला आहे, तिथे तिथे खूण करावी. एखादे पान हाताने उतरवून काढले तर त्या लेखकाच्या वाक्याची लांबी बोटांना कळते.

पुन्हा लिहिणे

खरी कथा दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्यात लिहिली जाते. पहिला खर्डा झाल्यावर तो किमान तीन आठवडे बाजूला ठेवावा, त्या काळात दुसरे काही लिहावे आणि मग तो मोठ्याने वाचावा. मनातल्या मनात वाचताना डोळा अडचणीच्या जागा ओलांडून जातो; जीभ मात्र अडखळते, आणि ती जिथे अडखळते तिथे बहुधा वाक्य खोटे असते.

एक उदाहरण घेऊ. वाटणीवरून दुरावलेल्या दोन भावांची कथा आहे. पहिल्या खर्ड्यात असे लिहिलेले आहे:

"धाकट्याच्या मनात थोरल्याबद्दल प्रचंड संताप खदखदत होता. आईच्या आजारपणात थोरल्याने एक पैसाही दिला नव्हता आणि आता मात्र तो जमिनीच्या वाटणीसाठी धावत आला होता. धाकट्याला वाटले, नाती किती स्वार्थी असतात!"

व्याकरणदृष्ट्या यात काही चूक नाही, पण निवाडा लेखकानेच देऊन टाकला आहे. वाचकाला करण्यासारखे काही उरलेले नाही आणि थोरल्याला तर बोलण्याची संधीच मिळालेली नाही. आता तोच मजकूर असा लिहून पाहावा:

"तलाठी कचेरीतून बाहेर पडल्यावर दोघे टपरीवर थांबले. चहा संपताना थोरल्याने पाकीट काढले. तोवर धाकट्याने वीसची नोट पुढे केली होती.
'अरे, मी देतो की.'
'असू दे. आईच्या गोळ्यांचं पण मीच बघतो ना.'
थोरल्याने पाकीट खिशात ठेवले नाही. ते हातात धरूनच तो म्हणाला, 'यंदा कांदा काय भावानं गेला?'"

संताप हा शब्द गेला, पण संताप गेला नाही. पैशांचा हिशेब वीस रुपयांत आला. थोरल्याने विषय बदलला, तो निर्ढावलेपणाने बदलला की लाजेने, हे वाचकाने ठरवायचे आहे, आणि हातात तसेच राहिलेले पाकीट दोन्ही शक्यता उघड्या ठेवते. नात्यांच्या स्वार्थीपणावरचे वाक्य पूर्णपणे गेले. ते कोणालाही कुठेही लिहिता आले असते, यातच त्याचे मोल कळते. शब्द उलट जास्तच लागले, म्हणजे हे थोडक्यात लिहिण्याचे तंत्र नव्हे. प्रत्येक खर्ड्यात भावनांची नावे शोधून त्यांच्याखाली रेघ मारावी आणि त्या जागी त्या माणसाने हाताने काय केले असते ते विचारावे. सगळीकडे हे करायचे नसते. चार वर्षांचा काळ एका वाक्यात ओलांडायचा असेल तर "ती खचली" एवढे पुरे होते. कथेतले दोन-तीन प्रसंगच असे असतात जिथे वेळ संथ करून जवळून पाहावे लागते. ते कोणते, हे ओळखणे हाच पुनर्लेखनाचा अर्धा भाग आहे.

सुरुवात आणि शेवट यांच्याकडे वेगळ्या संशयाने पाहावे. पहाटेचे धुके, गजराचा आवाज किंवा खिडकीतून येणारा पाऊस यांनी सुरू होणाऱ्या कथेतली पहिली दोन परिच्छेदे झाकून तिसऱ्यापासून वाचून पाहावी. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. शेवटच्या परिच्छेदाचेही तेच.

खर्डा दाखवायला दोन माणसे पुरतात, पण ती निवडून घ्यावीत. "छान आहे" म्हणणारा मित्र उपयोगाचा नाही आणि स्वतःची कथा सुचवू लागणाराही नाही. "इथे मला कंटाळा आला" आणि "हे मला कळले नाही" एवढे निःसंकोच सांगणारा वाचक मिळाला तर त्याला जपावे. मराठीत ही गोष्ट एके काळी संपादक करत असत. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे नवोदितांना सविस्तर पत्रे लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत, आणि या आग्रही संपादनाने अनेकांची लेखणी घडली. त्यांची अभिरुची सर्वांना मानवली असे नाही. १९६९ मध्ये तरुण लेखकांनी 'सत्यकथे'ची होळीही केली. संपादकाचे ऐकावे की नाही हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझ्या मते, काय बिघडले आहे याबद्दलचे त्याचे म्हणणे बहुधा बरोबर असते, आणि ते कसे सुधारावे याबद्दलचे बहुधा नसते.

पाठवणे

का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला दरवर्षी एक मोठा हंगाम मिळत आला आहे. दिवाळीत अंक हातात पडत असले तरी त्यांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. त्यामुळे कथा मे-जूनपर्यंत तयार असावी, म्हणजे पहिला खर्डा जानेवारी-फेब्रुवारीतला असावा. ज्या अंकाला पाठवायची त्याचे मागचे दोन-तीन अंक आधी वाचावेत. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला, शुद्धलेखन तपासलेला असावा, सोबतचे पत्र चार ओळींचे असावे आणि त्यात कथेचा आशय समजावून सांगू नये. एकच कथा एकाच वेळी अनेक अंकांना पाठवू नये. दोन ठिकाणी छापली गेली तर नाव दोन्हीकडे खराब होते.

नकार आला की तो कथेला आला की आपल्याला, असा घोळ मनात सुरू होतो. जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. नावाचे वजन बाजूला ठेवून कथा जोखली जावी, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. ज्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नाही अशा नवोदिताला ही सोय आपोआपच मिळालेली असते.

पाठवलेल्या प्रत्येक कथेची तारीख आणि ठिकाण एका वहीत लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांत उत्तर न आल्यास एकदाच, नम्रपणे विचारणा करावी. परत आलेली कथा तशीच दुसरीकडे धाडण्याआधी पुन्हा एकदा मोठ्याने वाचावी. पुस्तकाची घाई नको. पैसे घेऊन पुस्तक छापून देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना कोणताही खर्डा उत्तमच वाटतो. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी आधी करावी. आणि संग्रह जुळवण्यापूर्वी निदान सात-आठ कथा अंकांतून छापून येऊ द्याव्यात. तेवढ्या छापून आलेल्या लेखकाला संग्रहातून कोणत्या दोन गाळायच्या हे बहुधा कोणी सांगावे लागत नाही.